पांढऱ्या पेशी घटल्या, मग व्हायरसची गोळी अर्धी करू का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, कारण किडनी बदललेल्या पेशंटच्या घरून हा प्रश्न हमखास येतो. रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी घटलेल्या दिसतात, व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर ही व्हायरसची गोळी महागही पडते, मग डोस निम्म्यावर आणला तर?

परस्पर नको.

ही गोळी सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) या विषाणूसाठी असते. आपल्याकडे बहुतेकांना त्याची लागण कधीच होऊन गेलेली असते. तो शरीरातून जात नाही, दबून राहतो आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू झाली की उचल खातो. म्हणून आधी लागण झालेल्या पेशंटला साधारण 3 महिने गोळी देतात. किडनी देणाऱ्याला लागण होती आणि घेणाऱ्याला नव्हती, तर 6 महिने.

डोस ठरतो किडनीच्या कामावरून. क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे किडनी मिनिटाला किती मिली रक्त साफ करते तो आकडा, 60 किंवा जास्त असेल तर प्रतिबंधासाठी रोज 900 मिग्रॅ, म्हणजे 450च्या दोन गोळ्या एकदम. 40 ते 59 असेल तर रोज एक, 25 ते 39 असेल तर दिवसाआड एक. फसगत होते ती रिपोर्टमधलं नुसतं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो रक्तातला कचरा) बघून. समजा 50 वर्षांची, 50 किलो वजनाची बाई, क्रिएटिनिन 1.4. आकडा फार वाढलेला दिसत नाही, म्हणून घरचे खूश! आता 140 मधून वय वजा करा, उरलेल्याला वजनाने गुणा, मग 72 गुणिले क्रिएटिनिनने भागा, आणि बाई असल्याने 0.85ने गुणा. येतात जेमतेम 38. तिला रोज दोन गोळ्या दिल्या तर चौपट औषध जातं, आणि पेशी त्यानेच पडतात. उलटही घडतं: किडनी सुधारते, पण जुनीच चिठ्ठी चालू राहते आणि औषध कमी पडतं.

हिशोब बरोबर असूनही पेशी घटत असतील तर मायकोफेनोलेट (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) आणि कोट्रायमॉक्सॅझोल (जंतुसंसर्ग टाळणारं औषध) यांच्याकडे बघायचं. तीही पेशी पाडतात. त्यांत काय कमी करायचं ते प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांनी ठरवायचं. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) 500च्या खाली गेले तर ते गोळी थांबवतात, पेशी वाढवणारं इंजेक्शन देतात आणि दर आठवड्याला पीसीआर (रक्तातला विषाणू मोजणारी तपासणी) करून विषाणूवर नजर ठेवतात. आमच्या मते अर्धवट डोसपेक्षा हे केव्हाही बरं.

कारण हे औषध कामाला लागतं ते विषाणूच्याच यूएल97 या एन्झाइममुळे. कमी डोसात विषाणू वाढत राहतो, आणि त्यातले हे एन्झाइम बदललेले तेवढे तगतात. मग गोळी पूर्ण घेऊनही उपयोग नाही. पुढचं औषध फॉस्कार्नेट, ते किडनीलाच त्रास देतं. मॅरिबॅव्हिर आहे, पण ते यूएल97लाच रोखतं, म्हणून व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरसोबत चालत नाही. शिवाय टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची रक्तातली पातळी वाढवतं.

गोळी जेवणासोबतच घ्या, तरच नीट शोषली जाते. मोडू किंवा कुटू नका. तिची पूड अंगाला लागणं धोक्याचं, घरात कुणी गरोदर असेल तर विशेषच.

कोर्स संपल्यावरचे 3 महिने जपा. ताप आला, जुलाब लागले किंवा पेशी पुन्हा घटल्या तर पीसीआर करा, शक्यतो त्याच लॅबमध्ये, कारण लॅब बदलली की आकडेही बदलतात. जुलाब थांबत नसतील आणि पीसीआर निगेटिव्ह असेल तरी आतड्याचा तुकडा तपासावा लागतो. आतड्यातला सीएमव्ही कधीकधी रक्तात सापडतच नाही.