म्हातारा मेला का?

बिनसंवादाचा छोटा अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनपट, संपतो, पडदा काळा होतो आणि हमखास पहिला प्रश्न येतो तो हाच. म्हातारा नसेल तर मुलगी, मुलगी नसेल तर मांजर. कुणीतरी मेलंय का, आणि मेलं असेल तर नक्की कितव्या मिनिटाला? दोन तासांच्या सिनेमात नायक दोनदा मरून उठला तरी हूं की चूं न करणारी माणसं बारा मिनिटांच्या मुक्या चित्रांपुढे मात्र पंचनाम्याला बसतात.

पंचनाम्याला माझी हरकत नाही. तो न करताच निकाल देणाऱ्यांचा राग येतो. त्यातल्या काहींना सगळंच नैराश्याचं रूपक वाटतं. पाऊस पडला तरी नैराश्य, खुर्ची रिकामी दिसली तरी नैराश्य. आणि काही म्हणतात, ज्याला जो लागेल तो त्याचा अर्थ. ऐकायला हे फार उदार वाटतं, पण बहुतेक वेळा तो नुसता आळस असतो. वाचता न येणारं मूल चित्रांचं पुस्तक घेऊन बसलं की रोज नवी गोष्ट सांगतं, कबूल. पण कोल्ह्याच्या तोंडात कोंबडी काढलेली असेल, तर ती रोजच्या गोष्टीत येते म्हणजे येतेच. मूल कोंबडी गाळत नाही. मोठी माणसं गाळतात.

मरणाचंच घ्या. एखादं पात्र मेलेलं आहे हे सांगायला जपानी चित्रकाराला शब्द लागतच नाहीत. किमोनोची डावी बाजू उजवीवर येते ती जिवंत माणसाची; उजवी डावीवर घेतात ती फक्त मृताला नेसवताना. भाताच्या वाडग्यात चॉपस्टिक उभ्या खोचलेल्या दिसल्या, तर ते वाढलेलं ताट जेवणाऱ्याचं नव्हे. कपाळावर पांढरा त्रिकोणी कपडा, किंवा कमरेखाली विरत गेलेली, पाय नसलेली आकृती, म्हणजे तर सरळ भूतच. आणि काकडी-वांग्याला काड्यांचे पाय लावून ठेवलेले दिसले, तर समजावं की ओबोनचे, म्हणजे जपानी पितरांच्या सणाचे, दिवस आहेत. काकडीचा घोडा पितरांनी दौडत यावं म्हणून, वांग्याची गाय त्यांनी रमतगमत परतावं म्हणून. पडद्यावर हे दोन सेकंद असतं, आणि नेमक्या त्या दोन सेकंदांत आपण पाण्याचा ग्लास शोधत असतो.

मात्र किमोनोवरून निकाल देण्याआधी एक खातरजमा करावी. इंटरनेटवर परस्पर चढवलेल्या प्रती बऱ्याचदा आरशासारख्या उलटवलेल्या असतात. स्वामित्वहक्काची आपोआप होणारी तपासणी चुकवायची ही जुनी युक्ती. चित्र उलटलं की किमोनोही उलटतो, आणि अख्खं गाव एका फटक्यात परलोकवासी होतं! जपानी अक्षरं उलटी आहेत की सुलटी हे ती लिपी न येणाऱ्याला कळणार नाही, म्हणून आकडे शोधावेत. भिंतीवरचं घड्याळ, कॅलेंडर, गाडीची पाटी, काहीही चालेल. तेही नसेल तर रस्ता बघावा: जपानमध्ये गाड्या डावीकडून धावतात.

कोपऱ्यातल्या काळोखात कुणी बाई उभी दिसते म्हणणाऱ्यांबद्दलही थोडं. इंटरनेट मंद असलं की व्हिडिओ आपला आकार घटवतो, आणि पहिला बळी जातो तो अंधाराचा. गडद भागातल्या बारीक छटा एकत्र होऊन चौकोनी ठिगळं पडतात. त्या ठिगळांना डोळे आहेत असं आपल्याला वाटतं, कारण आपल्याला चेहरे शोधायची खोडच असते. तोच प्रसंग सर्वात वरच्या दर्जाला लावून पाहावा; निम्म्या बाया तिथेच नाहीशा होतात. दीडपट वेगाने पाहणाऱ्यांशी तर मी वादच घालत नाही. पाच सेकंदांची स्तब्धता त्यांनी सव्वातीनेक सेकंदांत उरकलेली असते.

या स्तब्धतेवरूनच सगळ्यात जास्त मतं पडतात. मुलगी खिडकीत बसून आहे, काहीच हलत नाही, आणि बघणारे गहिवरतात. गहिवरावं, पण हिशेब माहीत असलेला बरा. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात. जपानी पद्धतीत बऱ्याचदा एक चित्र तीन फ्रेम टिकवतात, म्हणजे सेकंदाला ८ चित्रं. आणि न हलणारी मुलगी पाच सेकंद दाखवायची, तर १२० फ्रेमना मिळून चित्र लागतं एक. जपानी चित्रकार-दिग्दर्शक ओसामु तेझुका यांनी १९६३ मध्ये ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ ही मालिका दर आठवड्याला टीव्हीवर आणली ती असल्याच काटकसरीवर. त्यामुळे स्थिर चित्रात दुःख असेल किंवा नुसतीच मुदत जवळ आली असेल; चित्राकडे बघून ते सांगता येत नाही.

म्हणून मी उलटीकडून बघतो. जिथे हात दुखेपर्यंत काढावं लागतं तिथे नजर ठेवायची. पाणी, कापडाच्या चुण्या, पात्राभोवती फिरणारा कॅमेरा: इथे प्रत्येक रेष नव्याने काढावी लागते आणि फुकट काही मिळत नाही. त्याच तेझुकांचा १९८४ चा ‘जंपिंग’ सहा मिनिटांचा आहे. सगळा एकाच सलग दृश्यात, उड्या मारणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलेला, आणि त्याला सुमारे ४००० चित्रं लागली. म्हणजे साधारण दर दोन फ्रेमना नवं चित्र. उड्या उंच होत जातात, खालून गाव जातं, शहर जातं, समुद्र जातो, युद्धही जातं, आणि शेवटी पात्र नरकातून उसळून पुन्हा पहिल्या रस्त्यावर येतं. उड्या मारणारं कोण, ते दाखवलेलं नाही. कुणी म्हणतं लहान मूल, कुणी म्हणतं अख्खी मानवजात. मला विचाराल तर परतीचा रस्ता तोच असणं जास्त महत्त्वाचं, कारण तिथे दुसरा कुठलाही रस्ता काढता आला असता.

आता म्हातारा. दिग्दर्शक कुनिओ कातो यांचा ‘त्सुमिकी नो इए’, म्हणजे ठोकळ्यांचं घर. २००८ चा, बारा मिनिटांचा, पुढच्याच वर्षी ऑस्कर मिळवलेला. पाणी चढत राहतं आणि म्हातारा विटा रचून घरावर मजले चढवत राहतो. एक दिवस त्याचा आवडता पाइप खाली बुडालेल्या मजल्यात पडतो आणि तो पाणबुड्याचा पोशाख चढवून आत उतरतो. हा तापत्या पृथ्वीचा इशारा आहे असं म्हणणारे पुष्कळ आहेत. पाणी चढतंय, त्यामुळे त्यांना अगदीच खोडून काढता येत नाही. पण पाइप लवकरच सापडतो. तेवढ्यासाठीच आला असता तर तो तिथूनच वर गेला असता. तो आणखी खाली जातो, एकेक मजला, मागच्या काळात: बायको आजारी होती तो, मुलगी लग्न होऊन गेली तो, आणि त्याच्याही खालचे. पाणी का चढलं या प्रश्नाला इथे उत्तर नाही. तो खाली का गेला याला मात्र मजल्यागणिक आहे.

तळातून तो एक पेला घेऊन वर येतो. टेबलावर दोन पेले ठेवतो, दोन्हींत वाइन ओततो, आपला पेला दुसऱ्याला टेकवतो. मेला का? किमोनो नाही, वांगं नाही, काकडी नाही. दुसरा पेला रिकामा झालेला दाखवायला आठ-दहा चित्रं पुरली असती. ती काढलेली नाहीत.