सायलेन्सरचा गंज आणि एक तुटलेले रबर

डिग्रजच्या बाजूच्या आमच्या गावातून सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती नेण्याचे काम आमची 2011 सालची पिकअप अजूनही करते. गेल्या हंगामात गाडी भरून निघाली आणि जरा जोर लावला, की चालकाच्या पायाखालून 'फट् फट्' असा कोरडा आवाज येऊ लागला. गाडी रिकामी असताना तो जवळजवळ ऐकू येत नसे, त्यामुळे पंधरा दिवस आम्ही त्याकडे दुर्लक्ष केले. मग आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सांगलीवाडी येईपर्यंत डोके जड होते अशी तक्रार केली आणि दुसऱ्या दिवशी गाडी शेडमध्ये घेतली.

डोके जड होण्याचे कारण पायाखालीच सापडले. क्लचची केबल केबिनच्या पत्र्यातून जिथे आत येते, तिथले रबरी बूच केव्हाच झिजून पडले होते आणि त्याच्या खालीच धूर गळत होता. पेट्रोलच्या तुलनेत डिझेल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड बराच कमी असतो, पण कमी असणे म्हणजे नसणे नव्हे. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो आणि त्याला वासही नसतो. आपल्याला जो वास येतो तो धुरातल्या इतर घटकांचा असतो. तो येतो हे एका परीने आपले नशीबच.

गळती शोधायची ती पहाटे, पूर्ण थंड असलेले इंजिन नुकते सुरू करून. मी जाड हातमोजे घालून ओल्या फडक्याने मागच्या पाइपचे तोंड काही क्षण दाबून धरले आणि धाकट्या भावाने बॅटरी घेऊन गाडीखाली नजर फिरवली. कोंडलेला धूर दोन ठिकाणांहून फुसफुसत बाहेर पडला. एक जागा मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या बिडाच्या नळीला, जोडणाऱ्या पुढच्या पाइपच्या फ्लँजजवळ (बोल्टने आवळायच्या चकतीजवळ), वेल्डिंगच्या कडेने; दुसरी सायलेन्सरच्या डब्याच्या पुढच्या शिवणीवर. फ्लँजजवळ काजळीची बोटभर लांबीची काळी रेघ उमटली होती. ती आधी पाहिली असती, तर फडक्याचा खटाटोप करावाच लागला नसता.

डब्यावरच्या गळतीला इतिहास होता. वर्षभरापूर्वी एका गॅरेजमध्ये त्या जागेवर पत्र्याचा तुकडा ठेवून, वर एपॉक्सी लिंपून क्लॅम्प आवळून दिला होता. एपॉक्सी पाण्याच्या टाकीला ठीक आहे. सायलेन्सरच्या उष्णतेपुढे ते जळून भुसभुशीत होते आणि तसेच झाले होते. क्लॅम्प काढताच पत्र्याच्या तुकड्यासोबत डब्याची कडही हातात आली. तो तुकडा मी उलटून पाहिला. बाहेरून त्यावर लालसर गंजाचा पातळ थर होता, पण आतून पापुद्रे सुटले होते आणि मधला पत्रा वहीच्या पुठ्ठ्याएवढाही उरला नव्हता.

सायलेन्सर बाहेरच्या चिखलाने गंजतो असे मला वाटत होते. चिखलाचा वाटा असतोच, पण खरा शत्रू आतले पाणी आहे. एक लिटर डिझेल जळले, की धुराबरोबर सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडते. लांबच्या प्रवासात पाइप इतका तापतो की ही वाफ निघून जाते. मात्र घरापासून शिवारापर्यंत दोन किलोमीटर जाऊन गाडी बंद केली, की ती थंड पत्र्यावर जमून डब्याच्या तळाशी साचते. त्यात गंधक मिसळले की आम्ल तयार होते. 1 एप्रिल 2020 पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-6 (भारत स्टेज या प्रदूषणाच्या मानकाचा सहावा टप्पा) डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा 10 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 10 भाग, आहे. बीएस-3 च्या डिझेलला 350 पीपीएमपर्यंत मुभा होती आणि आमच्या गाडीची सुरुवातीची वर्षे त्याच डिझेलवर गेली. शिवाय ऑगस्ट 2019 च्या महापुरात, आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली त्या दिवसांत, गाडी चाकांपर्यंत पाण्यात उभी होती. जनावरे हलवण्याच्या गडबडीत ती काढायची राहिली. डबा कापला तेव्हा तळाशी वाळलेल्या गाळाचा थर अजून तसाच होता.

एका आठवड्याच्या सुट्टीत हे काम घरीच करायचे ठरवले आणि वेल्डिंगसाठी गावातल्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी हातोडीने पाइपवर जागोजागी टिचक्या मारल्या. चांगल्या पोलादाचा आवाज खणखणीत येतो, गंजलेल्याचा बद्द. "आण्णा, बाहेरनं बघू नगा, आतनं गेल्याला हाय," असे म्हणून त्यांनी खडूने दोन खुणा केल्या आणि त्यांच्या मधला सगळा भाग काढायचा असे सांगितले. मला डबा वाचवायचा होता, पण पातळ झालेल्या पत्र्याला वेल्डिंग धरत नाही. आर्क लागताच भोक मोठे होत जाते. नवा डबा घेणेच भाग होते.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो मॅनिफोल्डच्या तीन नटांवर. आदल्या रात्री त्यांवर डिझेल सोडून ठेवले होते, तरी सकाळी पाना लावल्यावर एकही हलला नाही. मिस्त्रींनी गॅसची ज्योत स्टडला, म्हणजे नट ज्यावर फिरतो त्या आट्यांच्या दांड्याला, न लावता फक्त नटाला लावली. नट तापून लाल झाला की प्रसरण पावतो आणि गंजाची पकड सुटते. दोन नट असे निघाले. तिसऱ्याला मी घाईने जोर दिला आणि स्टड मॅनिफोल्डच्या तोंडाशी मोडला. तो ड्रिलने पोखरून काढून आटे पुन्हा साफ करण्यात दुपार गेली. मॅनिफोल्ड बिडाचा असल्यामुळे तिथे हातोडा चालवता येत नाही. बीड वाकत नाही, सरळ तडकते. नवे नट मी पितळी घेतले. पोलादी स्टडवर ते गंजून बसत नाहीत, पुढच्या वेळी पान्याने सुटतात. किंमत थोडी जास्त पडली, पण मोडलेल्या स्टडच्या त्या दुपारपुढे ती काहीच नाही.

पाइपच्या बाबतीत मात्र मी चूक करणार होतो. शेतात ठिबकच्या कामातून उरलेला दोन इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप पडून होता आणि मापही जवळपास जुळत होते. मिस्त्रींनी तो हातात घेऊन परत ठेवला. त्याच्यावरच्या जस्ताचा वेल्डिंगच्या वेळी पांढरा धूर होतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. शेवटी कुपवाडहून सोळा गेजचा साधा पोलादी पाइप आणला. बॅटरीची मायनस वायर सोडली, डिझेलच्या टाकीवर ओले पोते टाकले आणि 2.5 मिलिमीटरच्या रॉडने, करंट कमी ठेवून, सलग न ओढता थोड्या थोड्या अंतरावर टाके घेत जोड पूर्ण केला.

आता त्या फ्लँजजवळच्या चिरेविषयी, कारण तिचा गंजाशी फारसा संबंध नव्हता. पुढचा पाइप इंजिनाला बोल्टने घट्ट बसवलेला असतो आणि इंजिन स्वतः रबरी माउंटिंगवर डोलत असते. मागचा डबा चेसिसला लटकतो तोही रबरांवर. पोलादी पाइपची लांबी मीटरमागे आणि 100 अंशांमागे साधारण 1.2 मिलिमीटर वाढते. म्हणजे अडीच मीटरचा पाइप 200 अंशांनी तापला, तर तो सुमारे 6 मिलिमीटर लांब होतो. ही वाढ आणि इंजिनाचा हेलकावा दोन्ही सामावून घेण्यासाठी ती रबरे असतात. आमच्या गाडीचे मधले रबर तुटले होते आणि त्याच गॅरेजमध्ये त्याच्या जागी बांधणीची तार तीन वेढे देऊन पिळून बांधली होती. तार दिसायला मजबूत होती, पण तिने पाइपला हलायची जागाच ठेवली नाही, आणि सगळा ताण वर्षभर फ्लँजच्या वेल्डिंगवर पडत राहिला. चीर पडायला तीच जागा सगळ्यात कच्ची होती. नवे रबर शंभर रुपयांच्या आत मिळाले. आम्ही पाइप जोडून दिला असता आणि तार तशीच ठेवली असती, तर नवा जोडही पावसाळ्याआधी सुटला असता, याविषयी मला शंका नाही.

जोडणी करताना मिस्त्रींनी एक गोष्ट आग्रहाने करायला लावली. सगळे बोल्ट आधी हाताने सैल लावायचे, डबा रबरांवर मोकळा लटकू द्यायचा, तो चेसिसला किंवा हँडब्रेकच्या केबलला कुठे टेकत नाही हे पाहायचे आणि मगच पुढून मागे आवळत जायचे. फ्लँजमध्ये नवे गॅस्केट घातले. जुने पुन्हा वापरून चालत नाही, कारण ते एकदा दाबले गेले की त्या मापाचेच होऊन बसते. क्लचच्या केबलचे रबरी बूचही त्याच दिवशी बदलले.

इंजिन सुरू केल्यावर पहिल्या दहा मिनिटांत नव्या डब्यातून पांढरा धूर निघाला आणि आण्णा घाबरले. तो पत्र्यावरच्या तेलाचा आणि रंगाचा होता, नंतर निवला. पुढच्या आठवड्यात पीयूसीला गेलो. बीएस-4 च्या आधीच्या आमच्यासारख्या डिझेल गाडीला धुराच्या दाटपणाची मर्यादा 2.45 प्रति मीटर आहे आणि आमचा आकडा तिच्या आत आला.

तीनशे किलोमीटर झाल्यावर, इंजिन थंड असताना, मी पुन्हा गाडीखाली गेलो. पितळी नटांनी प्रत्येकी पाव फेरा घेतला. मागच्या पाइपच्या टोकातून पाण्याचे दोन थेंब माझ्या बाहीवर पडले, काळे आणि कोमट नसलेले. आण्णा आदल्या संध्याकाळी मळ्यापर्यंतच गाडी नेऊन आले होते.