शक्तिमानचा तिसरा प्लंजर

आज दिवसभर देवास नाक्यावरच्या गॅरेजात होतो. काकांनी लिलावात घेतलेला शक्तिमान चार वर्षं उभाच होता. जर्मन एमएएनच्या परवान्यावर १९५९ पासून जबलपूरला बनलेला हाच तो फौजी ट्रक. काकांची अर्धी नोकरी त्याच्या स्टिअरिंगवर गेली.

जो तो म्हणे, इंजिनाला दाबाने डिझेल पुरवणारा पंप गेला, नवा टाका. मला पटत नव्हतं. फिल्टर बदलला, हातपंप मारून एअर काढली. पंपापर्यंत डिझेल येत होतं, एकही बुडबुडा नाही. पण सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या पाइपांचे नट सैल करून सेल्फ मारला, तर सहाही कोरडे! मग पंपाचं बाजूचं झाकण उघडलं. आत जुनं डिझेल सुकून मधासारखं चिकट झालेलं. तिसरा प्लंजर, म्हणजे डिझेल दाबणारा दट्ट्या, वरच अडकलेला आणि त्यामुळे रॅक, म्हणजे डिझेल कमीजास्त करणारी पट्टी, स्टॉपवर, म्हणजे डिझेल बंदच्या टोकाला, गच्च.

प्लंजर आणि तो ज्यात सरकतो त्या बॅरलमधली फट जेमतेम दोन-तीन मायक्रॉनची. तिथे हातोडी चालत नाही. काका म्हणाले, "घाई नको रे, भिजू दे त्याला." डिझेल ओतून तीन तास बसलो. मग स्क्रूड्रायव्हरने हलकेच खाली रेटलं, पुन्हा डिझेल, पुन्हा रेटलं. टक्! रॅक बोटाने सरकला.

रॅक फुल डिझेलवर अडकला तर इंजिन आवरत नाही, म्हणून इंजिनात हवा जायचं तोंड झाकायला भाचा फळी घेऊन उभा होता. गरज पडली नाही. दुसऱ्या सेल्फला पांढरा धूर आला आणि मग ती ओळखीची धडधड. काका बॉनेटवर हात ठेवून कितीतरी वेळ उभे होते.