किटलीला गेलेला तडा: बेझिए पॅचचा माझा अनुभव

ग्राफिक्समध्ये वक्र पृष्ठभाग शिकताना सगळे ज्या किटलीपाशी येतात, त्याच युटाच्या किटलीपाशी, म्हणजे संगणकावरच्या चाचणीच्या नमुना-आकृतीपाशी, मीही आलो. मार्टिन न्यूएलने १९७५ साली युटा विद्यापीठात तिचे आकडे तयार केले. आधी तिला तळ नव्हता, तो नंतर बसवला. आता एकूण ३२ बायक्युबिक बेझिए पॅच (दोन्ही दिशांनी घन बहुपदीने वाकलेले पृष्ठभागाचे तुकडे) आहेत आणि प्रत्येकाला त्याचा आकार ठरवणारे १६ कंट्रोल पॉइंट. फाइल वाचणं, त्रिकोण जोडणं, प्रकाश टाकणं हे सगळं सरळ पार पडलं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. अडलं ते एकाच ठिकाणी. किटलीच्या पोटावर, जिथे दोन पॅच भिडतात तिथे, वरून खाली बारीक उभी फट. फटीतून मागचा निळा रंग दिसायचा.

मी फॉरवर्ड डिफरन्सिंग, म्हणजे आधीच्या बिंदूत फरक मिळवत पुढचा बिंदू काढायची पद्धत, वापरत होतो. घन वक्रावर समान अंतराने बिंदू काढायचे असतील तर पहिला बिंदू आणि तीन फरक एकदा काढून ठेवायचे. मग प्रत्येक पुढच्या बिंदूला प्रत्येक निर्देशांकामागे (एक्स, वाय, झेड) फक्त तीन बेरजा, गुणाकार शून्य. इंटेलच्या जुन्या ८०८६ प्रोसेसरवर १६ बिटी गुणाकाराला घड्याळाच्या ११८ ते १३३ सायकल लागत आणि बेरीज तीनमध्ये उरकत असे. त्या काळात ही युक्ती म्हणजे सोनं होतं. आज आहे का, ते पुढे येईलच.

फट दिसल्यावर आधी कंट्रोल पॉइंट तपासले. दोन्ही पॅचच्या सामाईक कडेचे चारही बिंदू तंतोतंत तेच. मग त्रिकोणांचे क्रमांक तपासले, तेही बरोबर. मग शेवटचा, म्हणजे ६४ व्या पायरीनंतरचा बिंदू छापला. तो चौथ्या कंट्रोल पॉइंटवर यायला हवा होता, पण दुसऱ्या दशांशालाच घसरला होता! फ्लोटमध्ये, म्हणजे ३२ बिटी दशांश संख्येत, साधारण सात अंक भरवशाचे असतात, त्यामुळे ‘राउंडिंग असेल’ म्हणून सोडून देण्याजोगी ही चूक नव्हती. तरी मी तसंच म्हणून सोडलं आणि बराच वेळ भलतीकडेच शोधत बसलो.

चूक सुरुवातीच्या फरकांत होती. मी वक्रावरचे पहिले चार बिंदू काढून त्यांच्या वजाबाक्यांतून फरक काढत होतो. दिसायला अगदी निरुपद्रवी. पण हिशेब करून पाहा. निर्देशांक १ आणि २ च्या मधला असेल तर फ्लोटमध्ये साठवताना प्रत्येक बिंदूत ०.०००००००६ पर्यंत चूक येते. तिसऱ्या फरकात हे बिंदू १, ३, ३, १ या पटींत येतात, म्हणजे चूक आठपट: ०.००००००४८. तिसऱ्या फरकातली चूक ६४ पायऱ्यांनंतर किती पटींनी फुगते? ६४ गुणिले ६३ गुणिले ६२ भागिले ६, म्हणजे ४१,६६४ पट. गुणाकार केला की ०.०२ येतात. किटलीच्या पोटाचा व्यास ४ एकक आहे. पडद्यावर तो ८०० पिक्सेल भरला तर ०.०२ म्हणजे चार पिक्सेल. एवढी फट डोळ्याला दिसणारच.

उपाय असा. वक्राच्या प०, प१, प२, प३ या चार कंट्रोल पॉइंटवरून बहुपदीचे सहगुणक काढा: अ = प३ − ३प२ + ३प१ − प०, ब = ३(प० − २प१ + प२), क = ३(प१ − प०). पायरी ह = १/६४ धरली, तर पहिला फरक अह³ + बह² + कह, दुसरा ६अह³ + २बह², तिसरा ६अह³. ‘अ’ मध्येही राउंडिंगची चूक असते, पण ती आधी ह³ ने गुणली जाते, म्हणजे २,६२,१४४ ने भागली जाते, आणि मगच फुगते, त्यामुळे हिशेब फिटतो. एवढ्या तीन ओळी बदलल्या आणि फट मिटली.

त्याआधी केलेल्या दोन मलमपट्ट्याही सांगतो, कारण त्या सर्रास सुचवल्या जातात. एक, शेवटचा बिंदू जबरदस्तीने चौथ्या कंट्रोल पॉइंटवर बसवायचा. फट जाते, पण सगळी चूक शेवटच्या पट्टीत कोंबली जाते आणि चकाकीच्या रेषेला तिथे गुडघा येतो. दोन, सगळं डबलमध्ये, म्हणजे ६४ बिटी दशांश संख्येत, करायचं. फट दिसेनाशी होते हे खरं, पण कॅमेरा फिरवला की शिवणीवर एखादा पिक्सेल लुकलुकतो. शेजारचे दोन बिंदू ‘जवळजवळ’ सारखे असून चालत नाही, प्रत्येक बिट सारखा लागतो. चाचणी लिहिताना म्हणूनच एप्सिलॉन (चालणाऱ्या फरकाची सूट) ठेवू नका, बिट जुळवा.

आता बिट कधी जुळत नाहीत ते पाहू. शेजारच्या पॅचने तीच कड उलट्या दिशेने मोजली, की बेरजांचा क्रम उलटतो आणि राउंडिंग बदलतं. फॉरवर्ड डिफरन्सिंगमध्ये यावर सरळ इलाज नाही, कारण एका टोकाची चूक दुसऱ्या टोकाला साचते. कड एकदाच मोजून दोघांना वाटा, नाहीतर पद्धतच बदला. मी बदलली.

नवी पद्धत म्हणजे साधा तक्ता. ६५ पॅरामीटर, प्रत्येकाला चार बर्नस्टाइन वजनं (त्या जागी कोणत्या कंट्रोल पॉइंटचा किती वाटा ते सांगणारे आकडे), एकूण २६० फ्लोट. हे जेमतेम एक केबी होतं आणि प्रोसेसरच्या सर्वांत जवळच्या एल-वन कॅशमध्ये आरामात बसतं. प्रत्येक ओळीसाठी १६ कंट्रोल पॉइंटचे एकदाच ४ करायचे. मग प्रत्येक बिंदूला १२ गुणाकार आणि ९ बेरजा. फॉरवर्ड डिफरन्सिंगलाही तीन निर्देशांक मिळून ९ बेरजा लागतातच, पण तिथे प्रत्येक बिंदू आधीच्याची वाट बघत बसतो. तक्त्यात सगळे सुटे असतात, एव्हीएक्सने (एकाच सूचनेत आठ फ्लोट हाताळायच्या प्रोसेसरच्या सोयीने) आठ-आठ एकदम निघतात. ६५ ला आठने भाग जात नाही, म्हणून ओळ ७२ ची ठेवा आणि उरलेल्या जागा कचरा समजा. अख्खी किटली म्हणजे १,३५,२०० बिंदू. आजच्या प्रोसेसरवर गुणाकार वाचवण्यासाठी फॉरवर्ड डिफरन्सिंगच्या मागे लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बिट जुळावेत म्हणून, व म्हणजे वजन आणि प म्हणजे कंट्रोल पॉइंट धरून, बेरीज (व०प० + व३प३) + (व१प१ + व२प२) अशी लिहा. कड उलटली तरी कंसातल्या जोड्या त्याच राहतात. तक्ताही आरशासारखा हवा: अर्धा मोजा, उरलेला उलटा करून भरा. ६४ भाग असतील तर १/६४ च्या पटी फ्लोटमध्ये अचूक बसतात, पण १० भाग केलेत तर बसत नाहीत. आणि ०.१ दहा वेळा मिळवून टोक गाठू नका, फ्लोटमध्ये उत्तर १.००००००१ च्या आसपास येतं. इतकं सगळं करूनही माझे काही बिट चुकत होते. कारण निघालं कंपायलर: तो गुणाकार-बेरीज गुपचूप एकाच एफएमए सूचनेत गुंडाळत होता, आणि त्यात जोडीतल्या एकाच गुणाकाराचं राउंडिंग वगळलं जातं. तो पर्याय बंद करा. शेडरमध्ये, म्हणजे ग्राफिक्स कार्डवर चालणाऱ्या कोडमध्ये, हेच करत असाल तर त्या चलांना ‘प्रिसाइज’ लावा.

झाकणाच्या टोकावर काळा ठिपका दिसला तर ते वेगळंच दुखणं आहे. तिथे एका ओळीचे चारही कंट्रोल पॉइंट एकाच जागी आहेत, त्यामुळे यू दिशेची (पॅचच्या यू आणि व्ही या दोन दिशांपैकी एक) स्पर्शिका शून्य, क्रॉस प्रॉडक्ट शून्य, आणि नॉर्मल, म्हणजे पृष्ठभागाला लंब दिशा, नॅन (संख्याच नाही). त्या जागी यू-स्पर्शिकेऐवजी मिश्र दुसरं अवकलज घ्या. टोक व्ही = १ ला असेल तर चिन्ह बदला, नाहीतर नॉर्मल किटलीच्या आत बघतो.

भाग किती करायचे ते आधीच सांगायला हवं होतं. वांगचं सूत्र वापरा: लगतच्या तीन कंट्रोल पॉइंटच्या दुसऱ्या फरकांपैकी (जसे प० − २प१ + प२) मोठ्याची लांबी घ्या, तिला ०.७५ ने गुणून चालणाऱ्या चुकीने भागा आणि वर्गमूळ काढा. ४० पिक्सेल फरक आणि पाव पिक्सेल चूक चालत असेल तर १२० चं वर्गमूळ, म्हणजे ११ भाग. मात्र कडेचा आकडा फक्त त्या कडेच्या चार बिंदूंवरून काढा, आणि कॅमेऱ्याचं अंतरही त्यांच्यापासूनच मोजा. पॅचच्या मध्यापासून मोजलंत तर एका बाजूला १० आणि दुसऱ्या बाजूला ११ भाग होतील, आणि फट परत हजर.