सेसना 150 च्या ट्रिम टॅबचा प्ले: काम कुठवर आलं

ओहायोतल्या हँगरमधली आमची भागीदारीतली 1972 ची सेसना 150 एल सध्या वार्षिक तपासणीसाठी उघडून ठेवली आहे. इंजिनाची तक्रार नाही, कॉम्प्रेशन छान आहे. यंदा सगळा वेळ खाल्ला तो एलिव्हेटरच्या ट्रिम टॅबने. एलिव्हेटर म्हणजे शेपटीवरचा, नाक वरखाली करणारा हलता भाग; ट्रिम टॅब ही त्याच्या मागच्या कडेची छोटी पट्टी, जिच्यामुळे पायलटला कंट्रोल सतत ओढून धरावा लागत नाही.

या विमानाला असा टॅब एकच, उजव्या एलिव्हेटरवर. कॉकपिटमधलं व्हील केबल ओढतं, केबलपुढे साखळी, साखळी उजव्या स्टॅबिलायझरच्या (शेपटीच्या आडव्या स्थिर पंखाच्या) पोटातला अ‍ॅक्चुएटर, म्हणजे आट्यांचा स्क्रू, फिरवते आणि त्याचा पुशरॉड टॅबच्या हॉर्नला (टॅबवरच्या छोट्या दांडीला) ढकलतो. यातला प्रत्येक सांधा थोडाथोडा झिजतो. टॅबचं टोक धरून हलवलं की सगळ्यांची झीज एकत्र हाताला लागते. या ढिलाईलाच प्ले म्हणतात.

किती प्ले चालतो, याचा सेसनाचा हिशेब सोपा आहे. टॅबच्या आतल्या टोकाशी कॉर्ड (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रुंदी) मोजायची आणि 0.025 ने गुणायचं. कॉर्ड 4 इंच असेल तर 0.100 इंच, म्हणजे अडीच मिलिमीटर. ऐकायला हे भरपूर वाटतं, पण टॅब सैल असला की वेगात फ्लटर, म्हणजे आपोआप वाढत जाणारी जोरदार थरथर, सुरू होण्याची भीती, आणि फ्लटर शेपटीला फार वेळ देत नाही.

आमचा प्ले मर्यादेबाहेर निघाला. हँगरमधल्या जाणत्यांचा सल्ला ठरलेला: अ‍ॅक्चुएटर बदला. मला काही ते पटेना. एवढा महाग भाग नुसत्या अंदाजावर कशाला काढायचा?

एलिव्हेटर न्यूट्रलला पक्का केला, टॅबच्या मागच्या कडेला डायल इंडिकेटर लावला. भागीदार टॅब अलगद वरखाली हलवतोय आणि मी एकेका सांध्यावर बोट ठेवून बसलोय. बोटाला दहा थाऊ (इंचाचे दहा हजारांश) सुद्धा कळतात. पुशरॉड हॉर्नला जिथे जोडलाय तिथे रॉड स्थिर, हॉर्न मात्र हलतंय. बोल्ट काढला तर मधोमध नखाला अडकेल अशी खाच. बिजागरीची तारसुद्धा दोन्ही टोकांना घासून बारीक झालेली. दोन्ही बदलले (बोल्ट पार्ट्स बुकातलाच, हार्डवेअरच्या दुकानातला नव्हे), नवी स्प्लिट पिन घातली आणि प्ले निम्म्यावर आला.

अ‍ॅक्चुएटर तरीही उतरवला, कारण 1000 तासांची सफाई राहिली होती. आतलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं. थंडीत व्हील जड का जायचं ते कळलं. आटे मात्र ठणठणीत. हे काम करणाऱ्यांनी साखळी सोडण्याआधी केबल्स क्लॅम्प कराव्यात, नाहीतर त्या सरकतात आणि मग फरशीखाली हात घालून शोधत बसावं लागतं. जोडणी झाल्यावर दिशा तपासायची: व्हील नोज अप फिरवलं की टॅब खाली गेला पाहिजे. केबल्स उलट लागल्या तर हे जमिनीवरच दिसतं.

वंगण विमानमालक स्वतः घालू शकतो, पण अ‍ॅक्चुएटर आणि टॅबचं काम ए अँड पी (अमेरिकेतल्या परवानाधारक) मेकॅनिकच्या देखरेखीखाली झालं आणि लॉगबुकात सही त्याचीच आहे. बिजागरीला तेल की ग्रॅफाइट, हा वाद आमच्याकडेही झाला. मॅन्युअल पियानो बिजागरीला (अशा लांब, सलग बिजागरीला) ग्रॅफाइटची पूड सांगतं. माझंही मत तेच. तेलावर धूळ बसते आणि तीच बिजागरी खाते.

एक प्रश्न मात्र बाकी आहे. टॅबच्या मागच्या कडेला रंगाला फोड आला होता, खरवडल्यावर खाली पांढरी भुकटी, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा गंज. पुट्टी भरून वर रंग मारला की दिसायला झकास होईल, पण बिजागरीच्या मागे वाढलेलं वजन एलिव्हेटरचा बॅलन्स बिघडवतं. मेकॅनिकने नकार दिला, आणि तो बरोबर आहे. म्हणून टॅब पुन्हा उतरवलाय. कागदपत्रं पूर्ण असलेला वापरलेला टॅब शोधतोय. तो बसला की बॅलन्स तपासायचा आणि प्ले पुन्हा पहिल्यापासून मोजायचा. 150 एल ला कोणते टॅब चालतात हे पार्ट्स बुकात पाहून कोणाकडे असेल तर कळवा.