एकदाची वीज आली!

आज दुपारी गोव्यात फोंड्याच्या आमच्या नव्या दुमजली घरात मीटरचा तांबडा दिवा लुकलुकला आणि आई चक्क हळद-कुंकवाची कुयरी घेऊन मीटरकडे निघाली. लाईनमनदादांनी हात जोडून थांबवलं.

अर्ज, घरक्रमांक, ऑक्युपन्सी (घरात राहायला परवानगीचा दाखला), लायसनवाल्या कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट... त्या फेऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं. खरी परीक्षा घेतली ती अर्थिंगने, म्हणजे बिघाडात करंट सुरक्षितपणे जमिनीत उतरवायच्या जोडणीने. आमच्या जमिनीत हातभर खाली गेलं की नुसता चिरा, म्हणजे जांभा दगड. पहार मारली की ठिणग्या! खड्ड्यात कोळसा आणि मिठाचे थर दिले, तरी अर्थिंग मोजायच्या यंत्रावर रेझिस्टन्स (करंटला होणारा विरोध) भलताच जास्त. इलेक्ट्रिशियन शांतपणे म्हणाला, "पाणी ओता." चार बादल्या ओतल्या तेव्हा आकडा खाली आला. कोरड्या चिऱ्यातून करंट जमिनीत सहज उतरत नाही, हे मला पन्नाशीत कळलं.

थ्री फेज, म्हणजे तीन जिवंत तारांचं कनेक्शन घेतलंय. दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट, फेज-न्यूट्रलमध्ये २४०, हे मल्टीमीटर लावून दादांनी आमच्या पोरालाही दाखवलं. तो खूश.

चवथ (गणेशचतुर्थी) इथेच करायची, हे आता पक्कं. आणि नव्या घरात पहिलं काय चालू झालं म्हणता? पंखा नव्हे, मिक्सर. आईला हुमणाचं, म्हणजे माशाच्या आमटीचं वाटण करायचं होतं.