विडंबन की विटंबना? शूटिंगसाठी बंब मिळवण्याचा माझा अनुभव

अर्जात 'विडंबनपट' हा शब्द लिहू नका. बाकीचं सगळं नंतर वाचलंत तरी चालेल.

या एका शब्दापायी आमची फाइल खान्देशातल्या एका नगरपालिकेत ३८ दिवस अडकली. सिनेमा कमी पैशांतला, दीड तासाचा, अग्निशमन दलावरचा. बंब पोचेपर्यंत आग कंटाळून विझते, अशी एकूण गंमत. संवाद अहिराणीत. 'आग कथा लागनी रे भो?' (आग कुठे लागली रे भाऊ?) असं विचारत बंब गावभर फिरतो, आणि प्रत्येक जण पत्ता सांगण्याआधी चहा विचारतो. नगरपालिकेकडून हवं होतं ते इतकंच: दोन दिवस, रोज तीन तास, एक खराखुरा बंब.

पोलीस ठाण्याचं पत्र, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला आणि शेतमालकाची लेखी संमती ही तिन्ही कामं चार दिवसांत झाली. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. गोरेगावच्या चित्रनगरीची एक खिडकी यंत्रणा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण नगरपालिकेच्या मालकीची गाडी मागायची तर कागद शेवटी मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावरच यावा लागतो. आणि तिथे पोचण्याआधी तो आवक-जावक, अग्निशमन विभाग, लेखा आणि पुन्हा अग्निशमन असा फिरतो.

आता अडकणं कसं होतं ते नीट समजून घ्या. अर्ज आवकला गेला की त्यावर टिपणी लिहिली जाते: अमुक यांनी तमुक मागणी केली आहे, सबब आदेशार्थ सादर. पुढचा प्रत्येक माणूस वाचतो ती टिपणी. खालचा अर्ज उलटून कुणीच बघत नाही. आमच्या अर्जात होतं, 'अग्निशमन दलावरील विडंबनपटाच्या चित्रीकरणासाठी'. टिपणीत उतरलं, 'अग्निशमन दलाची विटंबना करणाऱ्या चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी'. एका अक्षराचा फरक. पण अशी टिपणी समोर आल्यावर कोणता अधिकारी सही करेल? मीही केली नसती.

हे आम्हाला कळलं सतराव्या दिवशी. तोवर उत्तर एकच: 'फाइल साहेबांकडे आहे.' तुमच्या बाबतीत असं उत्तर दुसऱ्यांदा आलं की तिसऱ्यांदा विचारत बसू नका. टेबलावरच्या भाऊसाहेबांना नीट विनंती करा, 'टिपणीत काय लिहिलंय तेवढं वाचून दाखवा.' बहुतेक जण दाखवतात. नाही दाखवलं तर माहिती अधिकारात फाइल पाहण्याचा अर्ज टाका. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, उत्तराची मुदत ३० दिवस. महिना जातो हे खरं, पण नुसत्या चकरा मारण्यातही तो जातोच.

चूक सापडल्यावर आम्ही दुसरी चूक केली. दुरुस्तीचा अर्ज दिला आणि त्यात सवयीने 'संदर्भ: आमचा दिनांक अमुकचा अर्ज' असं लिहिलं. संदर्भ दिसला की जुनी फाइल नव्या कागदाला दोरीने बांधली जाते. म्हणजे विटंबना पुन्हा सगळ्यांत वर. आणखी नऊ दिवस गेले. त्यामुळे क्रम असा ठेवा: आधी जुना अर्ज मागे घेत असल्याचं एका ओळीचं पत्र द्या, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या, आणि दोन दिवसांनी कोणताही संदर्भ न देता नवाकोरा अर्ज टाका. विषय फक्त 'विनोदी मराठी चित्रपट'. विनोदी या शब्दावर आजवर कुणाला शंका आल्याचं ऐकलेलं नाही.

मग लेखा विभाग. दरपत्रकात 'शूटिंग' हा प्रकारच नव्हता, त्यामुळे पैसे कोणत्या लेखाशीर्षाखाली भरून घ्यायचे हा प्रश्न आला. दर ठरवायचा तर सभेचा ठराव हवा आणि सभा महिन्याभराने. इथे अग्निशमन केंद्रातल्या एका जुन्या फायरमनने वाट दाखवली. शूटिंगसाठी बंब मागूच नका, बंदोबस्तासाठी मागा. फटाक्यांचा कार्यक्रम, मोठा मंडप, यात्रा, अशा ठिकाणी बंब उभा ठेवण्याचा दर आधीच ठरलेला असतो. आपल्या शूटिंगमध्ये खरा जाळ होणार असतोच, म्हणजे बंदोबस्ताची मागणी खोटी नाही. अर्जात त्याखाली एक ओळ वाढवायची: 'बंदोबस्तासाठी उभ्या असलेल्या वाहनाचे चित्रीकरण करण्यास परवानगी मिळावी.' पावती त्याच दिवशी फाटली. दर गावोगाव वेगळा असतो, म्हणून आमचा आकडा देत नाही. मात्र चालकाचा आणि फायरमनचा जादा वेळ त्यात धरलाय का, डिझेल वेगळं का, हे पैसे भरण्याआधी विचारा.

पटकथा मागितली तर पूर्ण बाड देऊ नका. आम्ही दिलं, आणि फायरमन झोपलेला असतो त्या पानावर खूण करून ते परत आलं. दोन पानांचा गोषवारा पुरतो. सोबत तीन गोष्टींचं लेखी आश्वासन द्या: सिनेमातल्या गावाचं आणि नगरपालिकेचं नाव काल्पनिक असेल, गणवेशावर महाराष्ट्र अग्निशमन सेवेचं खरं बोधचिन्ह असणार नाही, आणि बंबाच्या दारावरचं नाव झाकलं जाईल. नाव झाकायला कागदी टेप वापरा, साधी चिकटपट्टी रंग उचलते आणि मग अनामतीतून पैसे कापले जातात.

गंमत म्हणजे केंद्रातल्या फायरमन मंडळींना त्या झोपेच्या सीनचं काहीच वाटलं नव्हतं. उलट खऱ्या अडचणी त्यांनीच सांगितल्या: होजवर (बंबाच्या जाड नळीवर) पाय देऊन उभी राहणारी गर्दी, नळीच्या जोडातला, म्हणजे कपलिंगमधला, वॉशर पडल्याने पाणी पुढे जाण्याऐवजी चालकाच्या अंगावर येणं, आणि फोनवर 'पिंपळाजवळ या' एवढाच पत्ता. सगळं सिनेमात घेतलं. पटकथा लिहिण्याआधी अर्धा दिवस केंद्रात जाऊन बसा.

परवानगीत एक अट असतेच: खऱ्या आगीची वर्दी आली की बंब जागेवरून निघणार. ती रास्त आहे, तिच्यावर वाद घालू नका. मात्र गेलेला वेळ भरून मिळेल का, हे लेखी घ्या. शूटिंगचा क्रमही त्याप्रमाणे लावा. पहिल्या तासात बंबाचे सगळे लांबचे शॉट, येताना, जाताना, वळताना. जवळचे शॉट शेवटी. बंब गेला तरी ते कोणत्याही लाल पत्र्यासमोर निघतात.

अर्ज कधी करायचा यालाही महत्त्व आहे. एप्रिल-मे सोडून द्या. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या पुढे जातो, बांध आणि केळीचा पाला पेटत असतो, बंब एका जागी थांबत नाही. शिवाय लोकांना नळाचं पाणी काही दिवसांआड येत असताना रस्त्यावर पाण्याचा फवारा उडवलात तर सिनेमा वेगळाच होईल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जिनिंगचा हंगाम, कापसाच्या गंजीला आग लागली की ती रात्रभर धुमसते. राहता राहिले पावसाळ्याचे महिने, पण गणपतीच्या आधीचे तीन आठवडे टाळा, तेव्हा मंडपांच्या परवानग्यांनी टेबलं भरलेली असतात. आमची ३८ दिवसांची फाइल नेमकी त्यातच घुसली.

आणि एप्रिलमध्ये एक फुकटची सोय आहे ती राहूनच जात होती. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवताना अग्निशमन दलाचे जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह असतो. ठिकठिकाणी प्रात्यक्षिकं होतात: शिडी, फवारा, फोम, सगळं. केंद्रप्रमुखांना आधी भेटून विचारलं तर चित्रीकरण करू देतात. खऱ्या फवाऱ्याचे लांबचे शॉट तिथे मिळतात. पण त्या आठवड्यात जवानांच्या स्मरणाचा कार्यक्रम चालू असतो, तिथे आपल्या नटाला वाकडी टोपी घालून पाठवू नका.

खरा होज नटाच्या हातात देऊ नका, हे केंद्रवालेही सांगतील. ६३ मिमीचा होज पूर्ण दाबावर एकट्या नवशिक्याला धरवत नाही, सुटला तर पितळी नोझल फिरून डोकं फोडतं. पाण्याचा हिशेबही बसत नाही: पंप मिनिटाला २,२५० लिटरचा आणि टाकी ४,५०० लिटरची असेल तर पूर्ण ताकदीने दोन मिनिटांत खेळ खलास. उपाय शेतात आहे. फवारणीचा एचटीपी पंप घ्या, त्याची बोटाएवढी नळी जुन्या होजच्या शेवटच्या पाच फुटांतून ओवा आणि टोक नोझलमधून बाहेर काढा. मिनिटाला वीस-पंचवीस लिटरमध्ये काम होतं. हा फवारा बारीक असतो, म्हणून सूर्य फवाऱ्याच्या मागे ठेवून दुपारी साडेचारनंतर शॉट घ्या, म्हणजे पाणी चमकून जाड दिसतं.

धुरासाठी डीजेवाल्यांचं स्मोक मशीन बंद खोलीतच कामाचं, उघड्यावर धूर दहा सेकंदही टिकत नाही. बाहेर अर्धा कापलेला ड्रम, तळाशी पऱ्हाटीचे (कापसाच्या वाळलेल्या झाडांचे) निखारे, वर ओलवलेला केळीचा वाळका पाला. पांढरा, दाट धूर येतो. ड्रम वाऱ्याच्या बाजूला, सेटच्या मागे पंधरा-वीस फुटांवर ठेवायचा. सकाळी नऊच्या आत उरका, पुढे वारा दिशा बदलतो. टायर जाळू नका, काळा धूर एडिटिंगमध्ये करता येतो. ज्वाळेसाठी डिझेलमध्ये भिजवलेलं गोणपाट लोखंडी सळईला तारेने बांधा. पेट्रोल अजिबात नको. त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि काडी ओढणाऱ्याकडेच उलटी पेटत येते. प्लास्टिकचा रेनकोट फायरमनच्या कोटासारखा छान दिसतो, पण तो वितळून कातडीला चिकटतो. जाळाजवळच्या नटांना सुती कपडेच द्या. दोन पावडरचे अग्निशामक, पाण्याचे दोन ड्रम आणि ओली पोती हाताशी ठेवा. आणि काडी लावण्याआधी केंद्राला आणि पोलीस पाटलांना फोन करा, नाहीतर धूर बघून कुणीतरी १०१ लावणारच.

सायरन सेटवर वाजवूच नका. आम्ही तालमीत एकदा वाजवला, तीन वस्त्यांतली माणसं बादल्या घेऊन आली. आवाज नंतर भरा. नकली बंबासाठी ट्रॅक्टरचा पाण्याचा टँकर, त्याला दोरीने बांधलेला लाल फ्लेक्स आणि मंडपवाल्याची बांबूची शिडी पुरते. गाडी कायमची लाल रंगवलीत तर आरसी बुकात बदल करावा लागतो, आणि बहुस्वरी भोंगा केंद्रीय मोटार वाहन नियम ११९ प्रमाणे बंब, रुग्णवाहिका अशा ठरावीक वाहनांनाच चालतो. म्हणून ही सजावट शेतातच चढवायची, शेतातच उतरवायची. गणवेश घालून नटांनी चहाला टपरीवर जाऊ नये. लोक खरे समजून तक्रारी सांगू लागतात, आणि सरकारी गणवेश घालून लोकांना फसवणं हा वेगळा गुन्हा आहे, त्याचा संशयही नको.

क्रेनच्या शॉटला बैलगाडी वापरा. गाजलेल्या हिंदी सिनेमांची विडंबनं काढणाऱ्या मालेगावच्या मंडळींची ही जुनी युक्ती आहे: कॅमेरावाला एका टोकाला बसवायचा, दुसरं टोक माणसांनी दाबायचं. बैल मात्र सोडून ठेवा. सिनेमा सेन्सॉरला न्यायचा असेल तर फ्रेममध्ये बैल आला की प्राणी कल्याण मंडळाची परवानगी आली, आणि ते मंडळ बसतं हरियाणात. यूट्यूबवर टाकायला सेन्सॉर प्रमाणपत्र लागत नाही. पण गावाच्या मैदानावर पडदा लावून दाखवायचा तर लागतं, ते सार्वजनिक प्रदर्शन आहे. ७२ मिनिटांपेक्षा लांब सिनेमा 'लाँग फिल्म' धरला जातो आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए (मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली बघायच्या) वर्गात ७, १३ आणि १६ असे वयाचे तीन गट आहेत. अर्ज ऑनलाइन होतो. त्यात अडचण आली नाही, म्हणून जास्त लिहीत नाही.

अनामत परत घ्यायला मूळ पावती लागते, झेरॉक्स चालत नाही. सोबत केंद्रप्रमुखांचा 'वाहन सुस्थितीत परत मिळाले' असा दाखला त्याच संध्याकाळी लिहून घ्या, दुसऱ्या दिवशी त्यांची पाळी बदलते. आमची अनामत अजून यायची आहे. फाइल लेखा विभागात आहे. तिला जुनी टिपणी जोडलेली आहे का, हे विचारण्याचा धीर अजून झालेला नाही.